'येतो' म्हणून गेलेले

मराठी माणूस कोणाच्याही उंबरठ्यावरून निघताना 'जातो' असे म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो. पाठ फिरलेली, पाय जोड्यात गेलेले, गाडीची वेळ झालेली, आणि मुखी शब्द मात्र 'येतो'! परभाषी मनुष्यास हसू यावे इतके हे विपरीत आहे. 'जातो' हा शब्द अशुभ, मरणाची आठवण करून देणारा, म्हणून तो टाळावयाचा, असे ह्याचे कारण बहुधा सांगण्यात येते. ते खोटे नव्हे. पण अपुरे आहे. केवळ अशुभ टाळावयाचे असते, तर मुकाट्याने नमस्कार करूनही ते टळले असते. 'येतो' म्हटल्याने काही टळत नाही. उलट काही तरी अंगावर येते. तो शब्द म्हणजे वचन आहे. निघणारा 'येतो' म्हणतो, यजमान 'या' म्हणतो, आणि दोन शब्दांत एक करार पुरा होतो. त्यास मुद्रांक लागत नाही की साक्षीदार लागत नाही. म्हणूनच तो मोडणाऱ्यास कोणी न्यायालयात खेचीत नाही. सेवेच्या नावाने खेड्यांत, आणि अलीकडे परदेशांतही, जाणारी आमची सुशिक्षित मंडळी ह्या कराराची काय वाट लावीत आहेत, ह्याविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. हे लिहिणे कडू लागेल. परंतु पहिला घोट आम्ही स्वतःच घेणार आहोत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

लिहिण्यास निमित्त असे घडले. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन काही वर्षे आमच्याकडे आहे. गतवर्षी एका हुशार विद्यार्थ्याने अंकासाठी लेख दिला. तो सुटीत तीन आठवडे पूर्व आफ्रिकेतील एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाऊन आला होता. तेथे त्याने शाळेच्या भिंती रंगविल्या, मुलांस गाणी शिकविली, आणि एका कुटुंबात तो राहिला. लेख अकरा पानांचा होता. त्यांत भिंतींस व गाण्यांस मिळून दीड पान आले होते, आणि निरोपाच्या प्रसंगास पाच! घरची वृद्धा रडली, मुले गाडीमागे धावली, धुरळ्यात त्यांच्या आकृती लहान लहान होत गेल्या, आणि अखेरचे वाक्य होते : 'आम्ही द्यावयास गेलो होतो, घेऊनच आलो.'

लेखाची भाषा स्वच्छ होती, आणि भावना खोटी नव्हती. आम्ही त्यास बोलावून तीन प्रश्न विचारले. त्या वृद्धेचे नाव काय? परत आल्यावर तिला काही कळविलेस काय? आणि पावसाळा होऊन गेल्यावर त्या भिंतींचे काय झाले? पहिल्या प्रश्नास तो म्हणाला, "सर, तिकडे आईला 'मामा' म्हणतात. सगळे तिला मामाच म्हणत." दुसऱ्या प्रश्नास तो ओशाळला. तिसऱ्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. ज्या बाईच्या अश्रूंवर पाच पाने लिहिली, तिचे नाव लेखकास ठाऊक नव्हते!

लेख आम्ही छापला. तो नाकारण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. का नव्हता, ते पुढे येईलच.

अशा लेखांचा आता एक संप्रदायच बनून गेला आहे. लेखक निराळे, देश निराळे, पण आराखडा एकच. आरंभी अज्ञात स्थळाचे भय. मध्ये भाषेच्या घोटाळ्यातून झालेल्या गमती. आणि शेवटी निरोप. ह्या निरोपात रडतो तो नेहमी यजमान. लेखक फार तर डोळे पुसतो. यजमानाचे रडणे हे जणू लेखकाच्या चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र असते, आणि ते त्याने स्वतःच्याच हाताने लिहून घेतलेले असते. यजमानास विचारून पाहण्याची सोय नाही. कारण तो लेख त्याच्या भाषेत नाही, आणि त्याच्या दारी तो पोहोचणारही नाही. एका पक्षाची साक्ष ऐकून दिलेला हा निकाल आहे.

आणि तो 'घेऊन आलो' हा पालुपदासारखा येणारा उद्गार! तो विनयाचा म्हणून आपण ऐकून घेतो. पण त्याचा सरळ अर्थ काय होतो? घेऊन आलो, म्हणजे देणे लागतो. व्यवहारात कोणी सावकाराकडून रक्कम उचलली आणि 'मी उचलली हो, मी उचलली' असे गावभर गद्गदून सांगत फिरला, परंतु फेडीचे नाव काढले नाही, तर त्यास आपण विनयशील म्हणत नाही. त्यास दुसरे नाव आहे. ऋणाची कबुली म्हणजे ऋणाची फेड नव्हे, एवढा साधा हिशेब ह्या भावनेच्या पुरात वाहून जातो.

'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्यास तिथी नाही तो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हा नवा अतिथी पाहा. त्याची येण्याची तिथी ठरलेली, जाण्याची तर येण्याच्या आधीच ठरलेली. परतीचे तिकीट खिशात घालून तो उंबरठा ओलांडतो. परदेशांतील अशा सेवेची व्यवस्था लावून देणाऱ्या संस्था आज जगभर आहेत. जाणारा त्यांस शुल्क देतो, आणि त्या त्यास घर, काम व निरोप अशा तिन्ही गोष्टी नेमून देतात. ह्यांतून पुढे काय निपजते, ते नेपाळात आणि कंबोडियात दिसून आले आहे. तेथील अनाथालयांतील पुष्कळ मुले अनाथ नव्हतीच. त्यांचे आईबाप गावी हयात होते. परंतु दयाळू परदेशी पाहुणे येतात, मुलांस मांडीवर घेतात, देणगी देतात आणि रडत रडत निरोप घेतात असे दिसून आल्यावर, मांडीवर घेण्याजोगी मुले पुरविण्याचा धंदा उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारास २०१८ साली आपल्या नागरिकांस अशा अनाथालय-यात्रांपासून परावृत्त करण्याची मोहीम काढावी लागली. दर महिन्यास नवा माणूस जवळ घेणार आणि दर महिन्यास तो निघून जाणार, असे ज्या मुलाच्या नशिबी येते, त्याच्या मनाचे काय होत असेल, हे सांगण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही. जाणाऱ्यास तो निरोप आयुष्यातला एक असतो. राहणाऱ्यास तो यादीतला एक असतो.

परंतु आफ्रिकेस आणि कंबोडियास नावे ठेवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. परदेश दूर असतो म्हणून तेथील दोष ठळक दिसतो, इतकेच. तोच दोष आम्ही आपल्या घरच्या अंगणात, सोलापूर जिल्ह्यात केलेला आहे. आता तो सांगतो.

करमाळा तालुक्यात केम म्हणून गाव आहे. पुण्याहून सोलापुरास जाताना जेऊर सुटले की कुरडुवाडीच्या अलीकडे त्याचे स्थानक लागते. झपाट्याने जाणाऱ्या बहुतेक गाड्या त्यास ओळख न देता निघून जातात. ही लोहमार्गाची वाट १८६० साली सोलापुरास पोहोचली; तेव्हापासून केमच्या दारावरून जग ये-जा करीत आहे. गावात उत्तरेश्वराचे देवालय आहे; पण गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते कुंकवामुळे. हळदीस क्षाराची जोड मिळाली की पिवळ्याचे लाल होते, हे रसायन आपल्या आज्यापणज्यांस पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक होते. त्या विद्येवर केमने आपला उद्योग उभारला. आपल्या घरच्या करंड्यातील चिमूटभर कुंकू केमचे असण्याचा संभव पुष्कळ आहे.

१९९० सालच्या हिवाळ्यात विद्यार्थी असताना आम्ही ह्या गावी दहा दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरासाठी गेलो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली; त्या काळापासून अशी शिबिरे भरत आली आहेत, आणि त्यांतून चांगली कामेही झाली आहेत. आमची तक्रार योजनेविरुद्ध नाही, हे स्पष्ट करून ठेवतो. शाळेच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, म्हणून आम्हां तिघांची सोय एका घरी लावण्यात आली. आम्ही दिवसा शोषखड्डे खणले, एका ओघळीवर दगडांचा बांध रचला, आणि रात्री चावडीसमोर साक्षरतेवर पथनाट्य केले. दहाव्या दिवशी वर्तमानपत्रासाठी छायाचित्र झाले.

ह्या दहा दिवसांचा दुसरा जमाखर्च कोठेही लिहिला गेला नाही, तो असा. त्या घरच्या बाई पहाटे चारास उठून तीन परक्या पोरांच्या भाकरी थापीत. न्हाणीचे पाणी विहिरीवरून आणावे लागे. घागरींची संख्या तीन पोरांमुळे वाढली होती. घरात दोन गोधड्या चांगल्या होत्या. त्या आमच्या अंगावर होत्या, आणि त्या थंडीत बाई स्वतः काय पांघरीत होत्या हे पाहण्याचे आम्हांपैकी एकासही सुचले नाही. दुपारी त्या कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरण्यास जात. संध्याकाळी येत तेव्हा मनगटापर्यंत हात लाल असत, आणि त्या हातांनी त्या पुन्हा चुलीपुढे बसत. आता निःपक्षपातीपणे सांगावे, त्या दहा दिवसांत त्या घरात स्वयंसेवक कोण होता? वेतनावाचून, प्रशस्तिपत्रावाचून, छायाचित्रावाचून सेवा कोणी केली? आम्ही तिघांनी प्रमाणपत्रे घेतली. ती आम्हांस पुढे उपयोगी पडली. बाईंस प्रमाणपत्र द्यावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

निघण्याच्या दिवशी त्यांनी आमच्या तळहातावर दही घातले आणि कपाळास कुंकवाचे बोट लाविले. आमच्यातील एक जण, शहरात वाढलेला, बोलून गेला, "बरं आहे, जातो आम्ही." बाई जरा रागावूनच म्हणाल्या, "जातो म्हनू नये लेकरा. येतो म्हनावं." मग आम्ही तिघांनी एका सुरात म्हटले, "येतो." त्या म्हणाल्या, "या." कुरडुवाडी येण्यापूर्वी आम्ही गाडीत झोपी गेलो होतो.

त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही केमला गेलो नाही. कार्ड टाकले नाही. एवढेच नव्हे, त्या शिबिरावर एक लेख लिहून आम्ही त्या वर्षीच्या वार्षिक अंकात छापून आणला, आणि तो निरोपाच्या प्रसंगाने संपविला. त्यात बाईंचे डोळे भरून आल्याचे वर्णन होते. वस्तुतः त्यांचे डोळे भरून आले नव्हते. त्यांस कारखान्यात जाण्यास उशीर होत होता. आता वाचकांस कळेल की त्या विद्यार्थ्याचा लेख परत करण्याचा अधिकार आम्हांस का नव्हता. आफ्रिकेहून आलेला तो लेख आम्हीच केमहून लिहिला होता.

ह्यावर तीन आक्षेप येतील. ते आम्हीच मांडतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल.

पहिला आक्षेप : निरोपाच्या वेळची भावना खरी असते, तिची अशी चिरफाड करणे निर्दयपणाचे आहे. आम्ही ती खोटी म्हणतच नाही. परंतु भावना खरी असणे हा वचन पाळण्यास पर्याय होऊ शकत नाही. उलट, जितकी भावना खरी, तितका पुढचा विसर अधिक लाजिरवाणा. ज्याला काहीच वाटले नाही तो विसरला, तर त्यास निदान अप्रामाणिक म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप : अशा प्रवासाने तरुणांचे मन विशाल होते, तो लाभ काय थोडा आहे? मुळीच थोडा नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी खेडी पाहावी, देश पाहावे, परक्याच्या चुलीपुढे बसून जेवावे, अशी आमची इच्छा आहे. पण मग त्या गोष्टीस तिचे खरे नाव द्यावे. तिचे नाव शिक्षण. शिकावयास गेलेल्याने 'मी सेवा केली' असे म्हणू नये. आणि ज्या बाईने शिकविले तिला गुरू म्हणावे. गुरूस दक्षिणा द्यावयाची असते, हे आम्हां प्राध्यापकमंडळींस तरी कोणी सांगावयास नको. महिन्याच्या पहिल्या तारखेस ती मिळाली नाही तर आम्ही निवेदने काढतो.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम वाटतो. सगळ्यांस जन्मभर तेथे राहता येत नाही; ज्याला घरदार आहे त्याने जावेच लागते. मग त्याने काय करावे? सेवेस जाऊच नये काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिल्ह्यास कोणा पंडिताकडे मागावे लागत नाही. ते दर आषाढात त्याच्या वाटांवरून चालत जाते. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी करमाळा तालुक्यातून पंढरपुरास जाते. दिंडीतला वारकरी एखाद्या घरी किती राहतो? एक रात्र. कधी एक जेवण, कधी केवळ एक तांब्या पाणी. सकाळी तो 'येतो, माउली' म्हणून वाटेस लागतो. आणि पुढल्या वर्षी तो येतो! तो थकला तर त्याचा मुलगा येतो, आणि मुलगा दारात उभा राहताच घरची म्हातारी विचारते, "बुवा का नाही आले?" २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका मोटारीने पंढरपुरास नेल्या. २०२२ साली दिंड्या पुन्हा त्याच वाटेला लागल्या, त्याच ओसऱ्यांवर टेकल्या. एका रात्रीचा पाहुणा पिढ्यान्पिढ्या शब्द पाळतो, आणि दहा दिवस गोधडी पांघरलेला पदवीधर तो पाळीत नाही. तेव्हा दोष मुक्काम अल्प असल्याचा नाही. वारकऱ्याने तेथे कधी जन्म काढला नाही. त्याने फक्त खोटे सांगितले नाही.

परदेशी माणसास हे साधत नाही असेही नाही. डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकन भाषाभ्यासक विदुषी साठीच्या दशकात मराठीच्या अभ्यासासाठी फलटणास आल्या. अभ्यास पुरा होऊन पदवी मिळाल्यावर त्यांस फलटणचे कारण उरले नव्हते. तरी त्या परत आल्या, तेथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि ज्या गावाने त्यांस मराठी दिली त्या गावच्या मुलांस वाचते-लिहिते करण्यासाठी त्यांनी शाळा उभी केली. 'घेऊन आलो' असे म्हणण्याचा अधिकार कोणास असेल तर तो अशांस आहे. आणि ते बहुधा तसे म्हणत नाहीत.

ह्याच विषयात सोलापूरचे एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म सोलापुरातला, १९१० सालचा. जपानने १९३७ साली चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनापती चू ते ह्यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. आणि सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ च्या सप्टेंबरात, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. आजच्या भाषेत हे पाचही जण परदेशी गेलेले स्वयंसेवकच होत. चीनमध्ये पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत कोटणिसांस वडील वारल्याची वार्ता कळली. परत फिरण्यास ह्याहून सबळ कारण कोणते असते? ते फिरले नाहीत. ते उत्तर चीनच्या रणभागात गेले, चिनी भाषा शिकले, आणि कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून ह्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे १९४१ साली संचालक झाले. तेथील परिचारिका को चिंग-लान ह्यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव यिनहुआ ठेविले. त्यात भारत आणि चीन ह्या दोहोंची अक्षरे आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी पुढे ह्या कथेवर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असे आहे. आणि १९४६ साली व्ही. शांताराम ह्यांनी त्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट काढला.

कोटणिसांचे उदाहरण आम्ही येथे दिपवून टाकण्यासाठी देत नाही. पथकातील बाकीचे चौघे आपापल्या वेळी परत आले, आणि त्यांच्या परतण्यात काही एक उणे नाही. ते ठरल्या कामास गेले, ते त्यांनी केले, आणि उघडपणे निघाले. आम्हांस ह्या कथेतील दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. कोटणिसांनी चीनमधील यजमानांस निरोप दिला नाही, म्हणून सोलापूरच्या घरी निरोप पुरा झाला नाही. एका उंबरठ्याशी इमान राखताना दुसऱ्या उंबरठ्यावरचे 'येतो' अपुरे राहिले. म्हणजे थोरातल्या थोर सेवेसही ही किंमत पडते. आणि ती बहुधा घरी मागे राहिलेली माणसे भरतात. ती किंमत ह्या कथेत कोणी ओळखली? यजमानांनी! को चिंग-लान पतीच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे जगल्या. २०१२ साली त्या वारल्या. त्या काळात त्या अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीस कुटुंबास भेटल्या. पतीस जे वचन पुरे करता आले नाही, ते पत्नीने त्याच्या वतीने पुरे केले. मध्यंतरी १९६२ चे युद्ध झाले; दोन्ही राष्ट्रे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली, आणि तो संशय आजही सरलेला नाही. तरीही चीनचे राष्ट्राध्यक्ष भारतात आले असता, २००६ साली हू जिंताव ह्यांनी आणि २०१४ साली शी जिनपिंग ह्यांनी, कोटणिसांच्या आप्तांची भेट घेतली. त्यांत राजकारण नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण राजकारणासही ज्या आठवणीची गरज पडावी, ती आठवण कोणी तरी आधी जिवंत ठेवलेली असावी लागते. तेथील यजमानांनी पाहुण्याचे नाव जतन केले. आणि आमच्या पाहुण्यास यजमानिणीचे नाव ठाऊक नाही!

हे सर्व विचार मनात घोळत असता आम्ही गेल्या माघात केमला गेलो. जाताना मनात एक अपेक्षा होती, आणि ती कबूल करणे प्राप्त आहे : आपली कोणी तरी वाट पाहिली असेल. म्हातारी असेल तर ओळखील, नसेल तर तिने मरताना आठवण काढली असेल, असा तो विचार. इतक्या वर्षांनी जाणाऱ्या मनुष्याची ऐट पाहा! तो अपराधाचा भार घेऊन जातो, आणि त्या भारातही आपले महत्त्व जपतो.

घर सापडले. आता पक्के झाले आहे, दारात नळ आहे. आमचा शोषखड्डा जेथे होता तेथे दुचाकी उभी होती. बाईंच्या सूनबाई पुढे आल्या. आम्ही अडखळत सांगितले की आम्ही कॉलेजच्या शिबिरातली मुले, ह्या घरी राहिलो होतो. त्या म्हणाल्या, "आत्याबाईंना जाऊन बारा वरसं झाली. त्यांच्याकडं लई पोरं ऱ्हायली. तुमी कंच्या सालचं?"

तुम्ही कोणत्या सालचे! आमच्या सर्व साहित्याचे परीक्षण ह्या तीन शब्दांत झाले. आम्ही त्या घरच्या आठवणीत नव्हतो. आम्ही त्या घरच्या रहाटीत होतो, जसा एखाद्या वर्षीचा पाऊस असतो. वाट कोणी पाहिली नव्हती. शहाण्या माणसांनी पाहूही नये. किती पोरांनी त्या दारात 'येतो' म्हटले असेल, आणि किती आली असतील, ह्याचा हिशेब त्या घराने आमच्यापेक्षा आधीच करून सोडून दिला होता. त्यांत राग नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक जड गेले. रागावलेल्या मनुष्याची क्षमा मागता येते.

येथे कोणी म्हणेल, तुमच्याच कथेने तुमचा युक्तिवाद खोडला. यजमानास काही वाटलेच नाही, तर मोडलेल्या वचनाने बिघडले काय? आमचे उत्तर असे की, वचन समोरच्याच्या दुःखावर अवलंबून नसते. धनको विसरला म्हणून ऋण फिटत नाही. आणि बिघडले ते फार मोठे बिघडले. 'येतो' ह्या शब्दाची किंमत त्या गावात आम्ही उतरविली. जो शब्द वारकऱ्याने शतके खरा करून दाखविला, तो आम्ही सुशिक्षितांनी एका पिढीत पोकळ केला. उद्या त्या गावात कोणी खऱ्या कामासाठी आला आणि 'येतो' म्हणाला, तर गाव हसून 'या' म्हणेल आणि मनात साल विचारील. शहर आणि खेडे ह्यांच्यामध्ये विश्वासाचे जे अल्पस्वल्प भांडवल उरले होते, ते अशा निरोपांतून खर्ची पडत आहे. आणि ते खर्ची घालणारे आपणच त्यावर गोड लेख लिहीत आहोत.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. शिबिरे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परदेशी जाऊ नका, असेही म्हणत नाही. गाव दत्तक घेतले असे जाहीर करून काही वर्षांनी ते सोडून दुसरे घेणे मात्र थांबवा. दत्तकविधी हा असा सालोसाल बदलण्याचा विधी नव्हे. ज्या घरी राहाल त्या घरच्या माणसांची नावे लिहून घ्या, आणि आपले नाव-पत्ता त्यांस लिहून द्या. केलेल्या कामाचे पुढच्या पावसाळ्यानंतर काय झाले ते पाहण्यास जा. जाणे शक्य नसेल तर विचारा. आज विचारण्यास पैसा पडत नाही. निरोपावर लेख लिहावयाचा असेल तर तो दुसऱ्या भेटीनंतर लिहा. आणि परत येणे खरोखर अशक्य असेल, तर धीर करून दारात तसे सांगा. यजमान तेवढा समजूतदार असतो. 'पुन्हा येणे होणार नाही. तुमचे उपकार मात्र विसरणार नाही' असे सांगून निघालेला मनुष्य निदान खोटा ठरत नाही.

हे आम्ही लिहीत आहोत. परंतु त्या दिवशी त्या दारात आम्हांस हे साधले नाही, तेही नमूद करतो. चहा झाला. सूनबाईंनी, रीत म्हणून, आमच्या पत्नीसाठी कुंकवाची एक पुडी बांधून दिली. घेऊन आलो, ते असे. उठताना 'येतो' हा शब्द सवयीने ओठांवर आला आणि तेथेच अडला. आम्ही उभेच राहिलो. त्या बाईंस आमच्या अडखळण्याचे कारण कळले नसावे. त्यांनी आमच्या शब्दाची वाट पाहिलीच नाही, आपला शब्द तेवढा म्हटला : "या."

इतक्या वर्षांत ह्या करारातील 'या' म्हणणाऱ्यांनी आपली बाजू एकदाही मोडलेली नाही. ह्या हिवाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांचे शिबिर केमला नेण्याचे आम्ही ठरविले आहे, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही.